स्थिरांक कोणाच्या हाती?

आठवीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'चलन' या नावाचे एक प्रकरण आहे. हा शब्द प्रथम कानी पडला की मुलांच्या डोळ्यांपुढे नोटा आणि नाणी उभी राहतात. त्यात त्यांचे फारसे चुकत नाही. नाणे या हातातून त्या हातात फिरते म्हणून ते चलन. आणि एक राशी बदलली की तिच्यासोबत दुसरीही बदलते, म्हणून तेही चलनच. आम्ही इतिहास शिकवणारे. परंतु निवासी शाळेतला सायंकाळचा अभ्यासवर्ग कोणा एका विषयाचा नसतो. मूल वही घेऊन समोर उभे राहिले की 'तो विषय आमचा नव्हे' असे सांगण्याची सोय नसते. अशा अभ्यासवर्गांत समचलनाची उदाहरणे सोडवता सोडवता आमच्या मनात जो विचार हळूहळू रुजत गेला, तो या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

समचलनाची व्याख्या सोपी आहे. दोन राशींपैकी एक जितक्या पटीने वाढते तितक्याच पटीने दुसरी वाढत असेल, आणि एक जितक्या पटीने घटते तितक्याच पटीने दुसरी घटत असेल, तर त्या दोन राशी समचलनात आहेत असे म्हणतात. एका वहीची किंमत ३० रुपये असेल तर ४ वह्यांना १२० रुपये आणि १२ वह्यांना ३६० रुपये पडतील. वह्यांच्या संख्येला क्ष आणि एकूण किमतीला य म्हटले, तर य = ३० × क्ष. वह्या बदलतात, किंमत बदलते. ३० मात्र जागचा हलत नाही. या न हलणाऱ्या संख्येला 'चलनाचा स्थिरांक' असे नाव आहे. सर्वसाधारण रूपात लिहायचे तर य = स × क्ष, आणि यातील स म्हणजे स्थिरांक.

आपल्या वाडवडिलांना हे समीकरण ठाऊक नव्हते, असे कोणी समजू नये. सातचा पाढा म्हणजे दुसरे काय? तो य = ७ × क्ष याच समीकरणाचा दहा ओळींचा तक्ता आहे. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी पाठ करून घेत. तिथे स्थिरांक अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच. ज्यांना शाळेची पायरीच चढू दिली गेली नाही, त्यांनीही आठवड्याच्या बाजारात पावशेर मिरचीचे आणि दीड शेर डाळीचे दाम तोंडी मोजले. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'लीलावती' या ग्रंथात हाच विचार त्रैराशिकाच्या रूपाने शिकवला. ५ किलो तांदळाला २५० रुपये, तर ८ किलोला किती? यातील ५ हे 'प्रमाण', २५० हे 'फल' आणि ८ ही 'इच्छा'. फलाला इच्छेने गुणावे आणि प्रमाणाने भागावे. उत्तर ४०० रुपये. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याची नोंद असलेला सन १२०७ चा शिलालेख आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या चाळीसगाव तालुक्यात, पाटण येथे आहे. ज्ञान इतके जवळ होते. मात्र ज्ञानाची दारे कोणासाठी उघडी होती आणि कोणासाठी बंद होती, हा प्रश्न इतिहासाच्या शिक्षकाला टाळता येत नाही.

असो. त्रैराशिक पाठ झाले म्हणजे समचलन समजले, असे नव्हे. किंबहुना ज्या विद्यार्थ्याला रीत चांगली पाठ असते, तोच पुष्कळदा फसतो. दोन गोष्टी सोबत वाढताना दिसल्या की तो लगेच गुणाकार-भागाकार मांडू लागतो. म्हणून आम्ही मुलांना उदाहरण सोडवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायला सांगतो. पहिला : क्ष दुप्पट केला तर य खरोखर दुप्पट होतो का? दुसरा : य ला क्ष ने भागले असता प्रत्येक वेळी तीच संख्या येते का? तिसरा, आणि सर्वांत उपयोगाचा : क्ष शून्य असेल तेव्हा य देखील शून्य असतो का? तिन्ही प्रश्नांना 'होय' असे उत्तर आले तरच समचलनाचे समीकरण मांडावे.

या परीक्षेचा पहिला पाठ आमच्या मुलांना भोजनगृहात मिळतो. शालेय पोषण आहाराच्या निकषानुसार सहावी ते आठवीच्या एका विद्यार्थ्यासाठी १५० ग्रॅम धान्य धरतात. म्हणजे ८० मुलांना १२ किलो आणि १२० मुलांना १८ किलो. मुले नसतील तर तांदूळही लागणार नाही. हे निर्भेळ समचलन झाले. एकदा एका मुलाने याच हिशेबाने भात शिजण्याचा वेळही काढला. भोजनगृहातल्या मावशी ते ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे बाळा, पोरं दुप्पट झाली म्हणून भात दुप्पट वेळ चुलीवर ठेवला, तर त्याचा लगदा होईल. तुझे सर खातील का तो?" वर्गात तासभर शिकवून जे उमगले नसते, ते त्या एका वाक्याने उमगले. तांदूळ मुलांच्या संख्येसोबत समचलनात असतो, शिजण्याचा वेळ नसतो. आणि बटाटे सोलायला चार हातांऐवजी आठ हात लागले तर वेळ निम्मा होतो. ते व्यस्त चलन. एकाच स्वयंपाकघरात तीन प्रकारची नाती नांदत असतात आणि मावशींना ती तिन्ही अचूक ठाऊक असतात.

सुटीत गावी जाणारी मुले एसटीने जातात. अंतर वाढले की तिकीट वाढते, हे प्रत्येकाला माहीत असते. परंतु ते समचलन नव्हे. एसटीचे भाडे ६ किलोमीटरच्या टप्प्याप्रमाणे आकारतात. टप्प्याच्या आत कोठेही उतरले तरी तेच भाडे, आणि टप्पा ओलांडला की एकदम पुढची रक्कम. आलेख काढला तर सरळ रेष येत नाही, जिना येतो. सन २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे झाले, तेव्हा जिना तोच राहिला. प्रत्येक पायरीची उंची मात्र निम्मी झाली. रिक्षाच्या मीटरचे तऱ्हा आणखी वेगळी. तिथे पहिल्या टप्प्याचे किमान भाडे बसल्याबरोबरच लागू होते. वीजबिलातही तसेच. घराला महिनाभर कुलूप असले आणि एक युनिटही जळाले नाही, तरी स्थिर आकार येतोच. शून्याच्या कसोटीवर हे सारे व्यवहार समचलनातून बाद होतात.

मुले इथपर्यंत हसत हसत येतात. पुढे कांदा येतो, आणि आमच्या पुष्कळ मुलांच्या घरी कांदा हा हसण्याचा विषय नसतो. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव क्विंटलवर बोलला जातो. समजा, भाव १,५०० रुपये क्विंटल आहे. १२ क्विंटलचे १८,००० रुपये आणि २ क्विंटलचे ३,००० रुपये होतील. विक्रीची रक्कम आणि वजन यांच्यात निखळ समचलन आहे. आता समजा, माल नेणाऱ्या गाडीचे भाडे एका खेपेला २,००० रुपये आहे. गाडी भरलेली असो वा अर्धी. मग १२ क्विंटल नेणाऱ्याच्या हाती १६,००० रुपये उरतात, म्हणजे क्विंटलमागे सुमारे १,३३३ रुपये. २ क्विंटल नेणाऱ्याच्या हाती १,००० रुपये उरतात, म्हणजे क्विंटलमागे ५०० रुपये. आणि ज्याच्याकडे एकच क्विंटल आहे, त्याला घरातून ५०० रुपये घालावे लागतात. भाव तिघांना एकच, काटा तिघांना एकच, कोणी कोणाला फसवलेले नाही; तरीही लहान शेतकरी बुडतो. कारण त्याची विक्री समचलनात आहे आणि खर्च समचलनात नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी सन १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला होता. त्या काळी जमिनीचे तुकडे एकत्र करा, धारण क्षेत्र मोठे करा, म्हणजे शेती सुधारेल, असा विचार जोरात होता. बाबासाहेबांनी प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. शेत किती एकरांचे आहे यावरून ते किफायतशीर आहे की नाही हे ठरत नाही. जमीन, श्रम आणि भांडवल यांचे परस्परांशी प्रमाण योग्य आहे का, यावरून ते ठरते. जमिनीवर अवलंबून असणारे हात फार आहेत आणि भांडवल तोकडे आहे. म्हणून त्या हातांना उद्योगधंद्यांत काम मिळाले पाहिजे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. नुसत्या जमिनीसोबत उत्पन्न सरळ पटीत वाढेल हे गृहीतकच त्यांनी तपासून पाहिले. आठवीतल्या मुलाला हा निबंध समजणार नाही. परंतु कांद्याच्या गाडीचे गणित समजलेल्या मुलाला पुढे केव्हातरी तो नक्की समजेल, असा आमचा अनुभव आहे.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांतून काम करतात. त्यांच्यासाठी एक उदाहरण. समजा, एका कामगाराचा दर तासाला ६० रुपये आहे. आठवड्याच्या ४८ तासांचे २,८८० रुपये झाले. त्या आठवड्यात त्याने ५४ तास काम केले. सरळ त्रैराशिक मांडले तर ३,२४० रुपये येतात, आणि पुष्कळजण तेवढ्यावर समाधान मानून सही करतात. परंतु आठवड्यात ४८ तासांच्या पुढे केलेल्या कामाला दुप्पट दर द्यावा, असा नियम कारखाने अधिनियम, १९४८ ने घालून दिला. म्हणजे जादा ६ तासांचे ७२० रुपये आणि एकूण ३,६०० रुपये. ३६० रुपयांचा फरक एका आठवड्यात पडतो. समचलन कोठे संपते आणि स्थिरांक कोठे बदलतो, हे ज्याला कळत नाही, त्याच्या खिशातून ही रक्कम निमूटपणे जाते.

येथे आमच्या घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हते. निंदणी-खुरपणीच्या हंगामात ती घराच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढी. पाच रेघा झाल्या की त्यांच्यावर एक आडवी रेघ. हंगाम संपला की ती आम्हांला रेघा मोजायला लावी आणि बागाईतदाराकडे जाई. दिवसांच्या बाबतीत तिला कोणी कधी फसवू शकले नाही. एका वर्षी तेवीस रेघा होत्या आणि मुकादम एकवीस दिवस म्हणाला, तेव्हा ती ओसरीवरून उठली नाही. तेवीस दिवस कबूल करूनच घरी आली. पण त्या तेवीस दिवसांची मजुरी मिळाली ती शेजारच्या वाफ्यात तेच काम करणाऱ्या गड्यापेक्षा कमी दराने. दर किती, तो कोणी ठरवला, बाईचा वेगळा का, हे तिला कोणी सांगितले नव्हते आणि विचारण्याची रीतही नव्हती. आज त्या भिंतीचा विचार करताना आमच्या ध्यानात येते की, आईने क्ष अगदी चोख सांभाळला होता. स मात्र दुसऱ्याच्या हातात होता.

हाच तो विचार, ज्यासाठी हा लेख लिहिला. पुरुषाला दिवसाला ४०० आणि स्त्रीला ३०० रुपये मजुरी असेल, तर य = ४०० × क्ष आणि य = ३०० × क्ष ही दोन्ही समीकरणे गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहेत. दोन्हींत भागाकार कायम राहतो, दोन्ही शून्याच्या कसोटीला उतरतात. परीक्षेत दोन्हींना पूर्ण गुण मिळतील. अन्याय समीकरणात दिसत नाही. तो स्थिरांकात बसलेला असतो. समान कामाला समान वेतन हे तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये आले आणि सन १९७६ मध्ये समान वेतनाचा स्वतंत्र कायदा झाला, तो याच स्थिरांकासाठी. म्हणून आमच्या वर्गात उदाहरण सुटले की एक प्रश्न आम्ही आवर्जून विचारतो : यातला स कोणी ठरवला, आणि तो सर्वांना सांगितला होता का?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या नाशिकच्याच डोंगरात कोरलेले आहे. वर्षावासाच्या काळात आठवीच्या मुलांना त्रिरश्मी लेणीवर नेण्याचा आमचा शिरस्ता आहे. लेणी क्रमांक १० मध्ये, नहपान विहारात, क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. हे लेणे चारही दिशांच्या भिक्खुसंघाला दान दिल्याची नोंद त्यात आहे. आणि त्यासोबत ३,००० कार्षापणांचा एक अक्षय निधीही दिलेला आहे. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली होती. गोवर्धन हे गाव आजही नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूरच्या वाटेवर आहे. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १,००० कार्षापण, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यायचा. आणि २,००० च्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी १२ कार्षापण द्यायचे.

मुले वह्या काढून लेण्याच्या ओसरीत बसतात. शेकडा १ प्रमाणे २,००० चे व्याज २० कार्षापण. एका वर्षी एका मुलीने विचारले, "सर, हे व्याज महिन्याचे की वर्षाचे?" प्रश्न मार्मिक होता. आम्ही उत्तर दिले नाही. तिलाच हिशेब करायला सांगितला. व्याज वर्षाचे असेल तर २० कार्षापण २० भिक्खूंत वाटून प्रत्येकाला एकच मिळेल. व्याज महिन्याचे असेल तर वर्षाला २० × १२ म्हणजे २४० कार्षापण, आणि प्रत्येकाला १२. लेखात १२ कोरलेले आहेत. अर्थात दर महिन्याचाच होता. इतिहासाच्या पुस्तकात न शोधता, समचलनाच्या आधारे त्या मुलीने एकोणीसशे वर्षांपूर्वीचा व्यवहार पडताळून पाहिला. त्या दिवशी आमच्या दोन्ही विषयांतली भिंत पडली.

या लेखातून मुलांना आणखी बरेच काही शिकता येते. निधी दुप्पट असता तर व्याज दुप्पट झाले असते, हे समचलन. निधी तोच राहून भिक्खू २४ झाले असते, तर प्रत्येकाच्या वाट्याला १० कार्षापण आले असते. हे व्यस्त चलन. लेखात पुढे ७०,००० कार्षापणांच्या एका दानाचाही उल्लेख आहे आणि त्याचे मूल्य एका सुवर्णास ३५ कार्षापण या दराने २,००० सुवर्ण असे दिले आहे. तिथे ३५ हा स्थिरांक. परंतु इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांला मोलाची वाटते ती वेगळीच बाब. हे सारे निगमसभेत ऐकवले गेले, फलकावर नोंदवले गेले आणि मग दगडात कोरले गेले. दोन श्रेणींचे दोन दर होते आणि दोन्ही उघड होते. ते व्याज विणकरांच्या श्रमांतून उभे राहत होते, हेही विसरता येणार नाही. तरी देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि ज्याच्यासाठी दिले त्याला, तिघांनाही स ठाऊक होता.

याच्या अगदी उलट चित्र एकोणिसाव्या शतकातल्या दख्खनच्या शेतकऱ्याचे होते. सन १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरला. त्या लोकांनी सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या दप्तरावर राग काढला. कर्जाचे कागद हिसकावून जाळले. जो कागद वाचता येत नाही आणि ज्यातला दर समजत नाही, तो माणसाला बेडीसारखा वाटला तर नवल नाही. सरळ व्याज मुदतीसोबत समचलनात असते, चक्रवाढ व्याज नसते. १,००० रुपयांवर दरसाल शेकडा २४ प्रमाणे ३ वर्षांचे सरळ व्याज ७२० रुपये आणि चक्रवाढ सुमारे ९०७ रुपये. फरक मोठा वाटत नाही. दहा वर्षांनी सरळ व्याज २,४०० रुपये होते, आणि चक्रवाढ सुमारे ७,५९४ रुपये. आज सावकाराच्या वहीची जागा मोबाईलवरच्या झटपट कर्जाने घेतली आहे. 'महिन्याला फक्त दोन टक्के' हे शब्द ऐकताच आपल्या विद्यार्थ्याच्या मनात वर्षाचे चोवीस यावेत, आणि त्यापुढे 'सरळ की चक्रवाढ?' हा प्रश्न यावा, इतकी आमची अपेक्षा आहे.

समचलनाचा सर्वांत थोर उपयोग मात्र बाजारात किंवा पेढीवर सापडत नाही. तो आपल्या संविधानात आहे. अनुच्छेद ३३० आणि ३३२ वाचून पाहावेत. अनुसूचित जाती व जमातींसाठी लोकसभेत आणि विधानसभेत किती जागा राखीव असाव्यात? राज्याच्या लोकसंख्येशी त्यांच्या लोकसंख्येचे जे प्रमाण, शक्यतो तेच प्रमाण एकूण जागांशी राखीव जागांचे असावे. हे समचलनाचेच कलम आहे. सन २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे १०.२ टक्के होती. विधानसभेच्या २८८ जागांना हे प्रमाण लावले तर सुमारे २९ येतात, आणि राखीव जागा २९ आहेत. लोकसभेच्या ४८ जागांना लावले तर सुमारे ५ येतात, आणि त्या ५ आहेत. आपल्या जिल्ह्यातील देवळाली मतदारसंघ त्या २९ पैकी एक. कोणी ही सवलत म्हणते, कोणी उपकार म्हणते. हिशेब मांडून पाहिला की कळते, हे साधे प्रमाण आहे. ज्यांचा स शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरवला, त्यांच्यासाठी तो प्रथमच सर्वांदेखत, कायद्याच्या भाषेत आणि सर्वांना लागू होईल असा लिहिला गेला.

स्थिरांकालाही काळाची झळ लागते, हे अखेरीस सांगितले पाहिजे. माजी विद्यार्थ्यांपैकी काहीजण वसतिगृहातील मुलांसाठी कायम ठेव ठेवण्याविषयी अधूनमधून विचारणा करतात. त्यांच्यासाठी हा हिशेब. एका मुलाच्या वह्या-पुस्तकांना वर्षाला २,१०० रुपये लागतात असे धरले आणि ठेवीवर ७ टक्के व्याज धरले, तर एका मुलामागे ३०,००० रुपयांची ठेव हवी. दहा मुलांना तीन लाख. हे सरळ समचलन आहे. परंतु दहा वर्षांनी वहीची किंमत ३० रुपये राहणार नाही. मुद्दल अक्षय राहिले तरी त्याची खरेदी करण्याची शक्ती अक्षय राहत नाही. सन १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात बाबासाहेबांनी रुपयाच्या मूल्याच्या स्थैर्याचा विचार केला, त्याचे महत्त्व अशा वेळी उमजते. रुपयाने बाजारात किती जिन्नस मिळतात, यावर गरिबाचा संसार अवलंबून असतो. म्हणून ठेव ठेवणाऱ्यांनी व्याजातला थोडा भाग दरवर्षी मुद्दलात मिळवण्याची तरतूद करावी, आणि ती तरतूद, व्याजाचा दर व खर्चाचा तपशील सूचनाफलकावर लावण्याचा आग्रह धरावा. निगमसभेतल्या फलकाची ती आजची आवृत्ती ठरेल.

पालकांना आमची एक विनंती आहे. मूल सुटीत घरी आले की त्याच्या हाती घरातले एखादे बिल, मजुरीचा हिशेब किंवा कर्जाचा कागद द्यावा आणि विचारावे, "यात काय बदलते आहे, काय बदलत नाही, आणि जे बदलत नाही ते कोणी ठरवले?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला शाळेने शिकवलेली असतील. तिसऱ्याचे उत्तर त्याने वडीलधाऱ्यांसोबत बसून शोधावे. ज्या घरात हा प्रश्न विचारला जातो, त्या घरातल्या माणसाला दर न विचारता कामावर जावे लागत नाही आणि न वाचलेल्या कागदावर अंगठा किंवा सही करावी लागत नाही.